पन्नासाखालचे वीस

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १८०७ साली पाडलेला एक अर्धा डॉलर आहे. दर्शनी बाजूला टोपी घातलेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी, डावीकडे सात तारे, उजवीकडे सहा. मागच्या बाजूला पंख पसरलेला गरुड आणि अगदी तळाशी किंमत: पन्नास सेंट. नुसत्या डोळ्यांना यात वावगं काही दिसत नाही. भिंग लावलं की पन्नासातल्या पाचाच्या मागे आणखी एक आकडा उभा असलेला दिसतो. इंग्रजी दोन. ठसा कोरणाऱ्यानं आधी वीस ठोकलं, मग जीभ चावली आणि त्या दोनावरच पाच ठोकून दिला. गंमत अशी, की वीस सेंटचं नाणं तेव्हा अमेरिकेत नव्हतंच. ते आलं १८७५ मध्ये, अडुसष्ट वर्षांनी.

एका माणसाच्या हातून घडलेली क्षणभराची चूक. तिचा कागदोपत्री कुठे उल्लेख असण्याचं कारण नव्हतं. पण त्या ठशानं जितकी नाणी पाडली, तितक्या वेळा ती चूक चांदीत उमटली, आणि आज दोन शतकं उलटल्यावरही ती वाचता येते. अमेरिकेच्या सुरुवातीच्या चांदीच्या नाण्यांमध्ये असे शेकडो प्रकार आहेत. एकाच वर्षाची, एकाच किमतीची, दुकानदाराच्या लेखी तंतोतंत सारखी असलेली दोन नाणी भिंगाखाली दोन वेगळ्या माणसांसारखी वागू लागतात.

हे असं का होतं ते कळायला ठसा कसा बनायचा ते पाहायला हवं. ठसा म्हणजे पोलादाचा जाडजूड दांडा. आपल्याकडे भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या कारखान्यांत ज्याला डाय म्हणतात तोच. त्याच्या तोंडावर नाण्याचं चित्र उलटं आणि खोलगट असतं. पोलाद आधी तापवून सावकाश थंड करायचं, म्हणजे ते मऊ पडतं. मग लिबर्टीचा चेहरा किंवा गरुड एका मोठ्या पंचानं त्यात दाबायचा. इथपर्यंत सगळे ठसे सारखे. पण पुढचं काम एकेका बारीक पंचानं, हातोडीनं, नजरेच्या अंदाजानं चालायचं. तेरा तारे तेरा वेळा. सालाचे चार आकडे चार वेळा. ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ची इंग्रजी एकवीस अक्षरं एकवीस वेळा. किंमत वेगळी. एका नाण्याच्या दोन ठशांत चाळीसहून जास्त वेळा पंच धरायचा आणि ठोकायचा, आणि तोही आरशातल्यासारखा उलट्या क्रमानं. एखादा तारा केसभर कलणारच. एखादं अक्षर पहिल्या ठोक्यात उथळ बसलं तर पुन्हा ठोकताना जरा सरकणारच. दोन ठसे सारखे निघणं अशक्य होतं, आणि सारखे निघावेत असा कुणाचा आग्रहही नव्हता.

आता खरी मेख. पोलादात खड्डा करणं सोपं. खड्डा बुजवणं महाकठीण. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच उठतं. म्हणून एकदा चुकीचा दोन ठोकला गेला की तो पुसायचा म्हणजे भोवतालचा सगळा पृष्ठभाग घासून खाली आणायचा, आणि तसं केलं तर बाकीचं नक्षीकाम उथळ होतं. त्यापेक्षा थोडंसं घासायचं आणि त्यावर बरोबर आकडा दणकून ठोकायचा. खालचा आकडा तरीही पुरता मरत नाही. याच नियमातून नवशिक्याला एक अत्यंत उपयोगी कसोटी मिळते. नाण्यावरची रेघ खोल गेलेली असेल तर ती ओरखडा आहे. नाणं बाहेर पडल्यावर कुणाच्या तरी खिशात, गल्ल्यात झालेली इजा. तीच रेघ उंच उठलेली असेल तर ती ठशातली आहे, म्हणजे त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर ती असणार. पहिली नाण्याची किंमत उतरवते, दुसरी कधीकधी शंभर पटीनं चढवते.

शिवराई गोळा करणाऱ्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही. ‘शिव’ आणि ‘छत्रपति’ यांच्या ऱ्हस्वदीर्घांवरून, ठिपक्यांवरून, रेघांवरून ते नाण्यांच्या राशी लावत असतातच. अमेरिकेतल्या मंडळींचं नशीब एवढंच, की त्यांच्या नाण्यांवर साल आहे आणि टांकसाळीचे हिशेब बऱ्याच अंशी शिल्लक आहेत. त्यामुळे चांदी काय सांगते आणि कागद काय सांगतो हे समोरासमोर ठेवून पाहता येतं. दोघांचं पटलं नाही की मजा सुरू होते.

ही टांकसाळ १७९२ च्या कायद्यानं उभी राहिली. पण चांदीचे डॉलर पडायला १७९४ चा ऑक्टोबर उजाडला, कारण टांकसाळीच्या अधिकाऱ्यांनी दहा-दहा हजार डॉलरचा जामीन भरावा अशी अट होती आणि तेवढी ऐपत कुणाची नव्हती. काँग्रेसनं रक्कम कमी केली तेव्हा कुठे काम सुरू झालं. रोलर फिरवायला घोडे, स्क्रू प्रेसचा दांडा ओढायला माणसं. ठशांचं पोलाद धड मिळेना, मिळालं तर पाणी नीट चढेना. अशा ठिकाणी एकदा तयार झालेला ठसा फेकून देणं म्हणजे चैन. किरकोळ चुकीसाठी तर मुळीच नाही.

म्हणून चुकांची ही दौलत आपल्यापर्यंत आली. १८१३ च्या एका अर्ध्या डॉलरवर किंमत ठोकायच्या जागी कारागिरानं देशाचं नाव सुरू केलं होतं. ‘यू’, ‘एन’, ‘आय’ अशी तीन अक्षरं झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्यावर पन्नास ठोकलं, पण ती तीन अक्षरं मागून डोकावत राहिली. १८०६ मध्ये कुणीतरी सहाचा पंच उलटा धरला आणि साल झालं १८०९; मग त्या नवावर सहा. १८३६ मध्ये पन्नासाच्या जागी आधी दोन शून्यं पडली. पाच सेंटच्या इवल्याशा नाण्यांवर तर पंचच तुटके वापरले गेले. १७९६ मध्ये इंग्रजी ‘बी’चा पंच असा मोडला की लिबर्टीचं ‘लिकर्टी’ झालं, आणि १८०० मध्ये ‘आर’चा पंच मोडून ‘लिबेक्टी’. नव्या प्रजासत्ताकानं ज्या एका शब्दासाठी एवढं युद्ध केलं, तोच शब्द त्याच्या नाण्यावर दोनदा बिघडावा!

पण मला सगळ्यात भावतो तो पाव डॉलर. १८२२ साली एका ठशावर पंचवीसऐवजी पन्नास ठोकलं गेलं, मग ते दुरुस्त करून पंचवीस केलं. दुरुस्ती इतकी ढोबळ की पन्नास सहज दिसतं. त्या ठशानं थोडी नाणी पाडली आणि तो बाजूला पडला. सहा वर्षांनी, १८२८ मध्ये, तोच ठसा कुणीतरी पुन्हा बाहेर काढला आणि नव्या सालाच्या ठशाबरोबर प्रेसमध्ये चढवला. काढणाऱ्याला तो आधीचा घोळ दिसला नसेल का? माझ्या मते दिसला असणार, आणि त्यानं खांदे उडवले असणार. दहा सेंटच्या नाण्यातही हेच घडलं. १८१४ च्या एका ठशावर ‘स्टेट्स’ आणि ‘ऑफ’ यांच्यात जागाच सोडलेली नाही. दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून बसलेत. तो ठसा १८२० मध्ये पुन्हा कामावर हजर.

ठसे असे वर्षानुवर्षं पडून राहायचे आणि गरज पडली की परत यायचे. मागच्या बाजूवर साल नसे, त्यामुळे त्या ठशांची अडचण नव्हती. दर्शनी ठशावर साल असे. तिथे मग जुन्या सालावर नवा आकडा ठोकायचा: १८१२ मध्ये एकावर दोन, १८२० मध्ये एकोणिसावर वीस. अशी ‘सालावर साल’ असलेली नाणी शाळकरी मुलालाही भुरळ घालतात, कारण एकाच चकतीवर दोन वर्षं एकमेकांत गुंतलेली दिसतात. त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाणं आहे १८१७ चा अर्धा डॉलर, ज्याच्या साताखाली चार आहे.

साताखाली चार म्हणजे तीन वर्षांची उडी. ती का? उत्तर एका आगीत आहे. ११ जानेवारी १८१६ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत आग लागली आणि चांदी-सोन्याच्या पट्ट्या लाटण्याची यंत्रं असलेली इमारत जळाली. त्या आगीच्या अगदी आधी अर्ध्या डॉलरांची एक छोटी खेप तयार झाली होती: ४७,१५० नाणी, साल १८१५. सगळी एकाच ठशाच्या जोडीची, आणि तो दर्शनी ठसाही १८१२ चा, दोनावर पाच ठोकलेला. पुढे १८१६ चं अख्खं वर्ष चांदी-सोन्याचं एकही नाणं पडलं नाही. तांब्याचे सेंट मात्र पडत राहिले, कारण त्यांच्या चकत्या इंग्लंडच्या बोल्टनच्या कारखान्यातून तयार यायच्या. लाटण्याची गरजच नव्हती. याच बोल्टन-वॅट कंपनीनं पुढे मुंबईच्या टांकसाळीला यंत्रं पुरवली.

१८१७ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा कपाटात १८१३ आणि १८१४ चे न वापरलेले ठसे पडून होते. टांकसाळीनं एकाच्या तिनावर सात ठोकला, दुसऱ्याच्या चारावर सात. तिनावरच्या सातानं व्यवस्थित काम दिलं. ती नाणी आजही मिळतात. चाराचा ठसा मात्र लवकरच वरपासून खालपर्यंत तडकला. आज माहीत असलेल्या बहुतेक नाण्यांवर तो तडा लिबर्टीच्या चेहऱ्याच्या आरपार गेलेला दिसतो. त्या वर्षी १२,१५,५६७ अर्धे डॉलर पडले. त्यांत या ठशाची म्हणून ओळखलेली नाणी आजवर डझनभराच्या आसपास.

आणि हा प्रकार कुणाला माहीतच नव्हता. एम. एल. बीस्टल या संग्राहकानं १९२९ मध्ये अर्ध्या डॉलरांच्या ठशांची जाडजूड सूची छापली. त्याच्या पुढच्याच वर्षी ई. टी. वॉलिस यांनी साताखालचा चार जगासमोर आणला. नाणं पडल्यापासून एकशे तेरा वर्षं लोक ते हाताळत होते, बँका मोजत होत्या, संग्राहक पेटीत ठेवत होते. सगळ्यांना सात दिसला. चार पाहायला कुणीतरी तो शोधत असायला हवं होतं.

तड्यांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण संग्राहकांची खरी विद्या तिथे सुरू होते. पाणी चढवलेलं पोलाद कडक होतं तसं ठिसूळही होतं. प्रेसचे हजारो तडाखे खाऊन त्याला केसाएवढी भेग पडते. पुढच्या तडाख्याला चांदी त्या भेगेत शिरते आणि नाण्यावर एक बारीक उंच रेघ उमटते. भेग वाढते, रेघ वाढते. कडेचा एखादा तुकडा निघाला की नाण्यावर त्या जागी चांदीचा गोळा येतो. १८०७ च्या एका अर्ध्या डॉलरवर असा तडा लिबर्टीच्या हनुवटीतून उतरला आणि तिला दाढी आली. संग्राहक त्या नाण्याला ‘दाढीवाली देवी’ म्हणतात, आणि म्हणताना हसतात असं मला दिसलेलं नाही. भाव ऐकून हसू येत नाही.

कधी चकती सरकायची राहून जायची आणि दोन ठसे मध्ये काही नसताना एकमेकांवर आदळायचे. मग एकाची छाप दुसऱ्यावर बसायची. त्यानंतरच्या नाण्यांवर लिबर्टीच्या गालाजवळ गरुडाच्या ढालीच्या उभ्या रेघा दिसतात, नाहीतर मागच्या बाजूची अक्षरं उलटी होऊन समोर तरंगतात. कारागीर ते घासून काढायचा प्रयत्न करी. घासल्याच्या समांतर रेघाही नाण्यावर येत.

आता विचार करा. ठसा नवा असताना पाडलेलं नाणं स्वच्छ. मग केसाएवढा तडा. मग ठसे आदळल्याच्या खुणा. मग घासणं. मग तडा कडेपर्यंत. ही क्रमवारी उलटी फिरू शकत नाही. म्हणजे एकाच ठशाची दहा नाणी समोर ठेवली तर ती कोणत्या क्रमानं पाडली गेली हे सांगता येतं. एवढंच करून माणसं थांबत नाहीत. दर्शनी ठसा आणि मागचा ठसा यांच्या जोडीला इंग्रजीत सरळ ‘लग्न’ म्हणतात. एक ठसा तुटला की उरलेल्याचं दुसरं लग्न लावून देत. कधी दोघंही धडधाकट असताना काडीमोड व्हायचा, दोघं वेगवेगळे संसार करून पुन्हा एकत्र यायचे. त्या दुसऱ्या खेपेच्या नाण्यांवर मधल्या संसारात पडलेले तडे दिसतात, म्हणून तर हे कळतं. टांकसाळीच्या वह्यांत केव्हा किती नाणी हवाली झाली याचे आकडे आहेत. कोणता ठसा कोणत्या आठवड्यात कुणाबरोबर चढवला होता, याचा हिशेब फक्त नाण्यांनी ठेवला.

या पद्धतीनं काय काय उलगडतं ते पाहून मी थक्क होतो. १७९८ ते १८०७ या काळातल्या दहा सेंटच्या चांदीच्या नाण्याची मागची बाजू घ्या: गरुड, त्याच्या छातीवर ढाल, डोक्यावर ढग आणि तारे. किंमत कुठेही लिहिलेली नाही. आता त्याच काळातलं अडीच डॉलरचं सोन्याचं नाणं घ्या. तोच गरुड, तेच ढग, किंमत तिथेही नाही. चांदीचं नाणं १९ मिलिमीटरचं, सोन्याचं २०. टांकसाळीला दोन वेगळे ठसे करायची गरजच वाटली नाही. एकच मागचा ठसा कधी चांदीवर पडायचा, कधी सोन्यावर. पंचवीस पट किमतीच्या दोन नाण्यांना एकच पाठ. तड्यांची लांबी ताडून आज सांगता येतं की अमुक ठसा आधी सोन्यावर वापरला आणि मग चांदीवर, किंवा उलट. सोन्याच्या नाण्याच्या अभ्यासकाला उत्तर हवं असेल तर त्यानं दहा सेंटची झिजलेली नाणी चाळावीत. १८०८ मध्ये सोन्यावर आणि १८०९ मध्ये दहा सेंटवर किंमत आली, आणि ही सोय संपली.

नाण्यावर कारागिराची सहीही सापडू शकते. टोपीवाली लिबर्टी घडवणारा जॉन राइख हा जर्मनीतून आलेला. १८०७ मध्ये तो वर्षाला सहाशे डॉलरवर मुख्य कोरक्याचा मदतनीस म्हणून लागला आणि दहा वर्षांनी, १८१७ मध्ये, त्याच पगारावरून निघून गेला. वरचा अधिकारी रॉबर्ट स्कॉट १८२३ मध्ये मरेपर्यंत खुर्चीवर होता, त्यामुळे राइखला बढती मिळायची नव्हतीच. त्याच्या काळातल्या अर्ध्या डॉलरांवर शेवटच्या, तेराव्या ताऱ्याकडे पाहा. त्याच्या एका टोकाला बारीकशी खाच आहे. बाकीच्या बारा ताऱ्यांना नाही. ठसा बदलला, वर्ष बदललं, तरी खाच तेराव्यालाच. राइख गेला आणि खाचही गेली. ही त्याची गुपचूप सही होती असं संग्राहक मानतात, आणि मला ते पटतं. एवढा नियम अपघातानं पाळला जात नाही. नाव कोरायची मुभा नसलेल्या माणसानं तारा थोडासा कुरतडला. दीडशे वर्षांनी कुणाच्या तरी ते ध्यानात आलं.

कागद आणि धातू यांचं सर्वांत मोठं भांडण मात्र डॉलरच्या नाण्यावरून झालं. टांकसाळीच्या वहीत १८०४ साली १९,५७० डॉलर पडल्याची नोंद आहे. म्हणून १८०४ साल असलेले मूठभर डॉलर सापडले तेव्हा सगळ्यांना वाटलं, त्यांतलेच हे उरलेले. खरी गोष्ट अशी, की त्या वर्षीचे डॉलर आधीच्या सालाच्या ठशांनी पाडले होते. ‘१८०४’ असं लिहिलेला एकही डॉलर १८०४ मध्ये पडला नाही. ते ठसे बनले तीस वर्षांनी. १८३४ मध्ये अमेरिकी सरकारला पूर्वेकडच्या राजांना देण्यासाठी नाण्यांचे नजराणे हवे होते. टांकसाळीतल्या लोकांनी वही पाहिली, शेवटचा डॉलर १८०४ चा असं वाचलं आणि तसे ठसे कोरले.

हे उघड कसं झालं? कडेवरून. जुन्या डॉलरच्या कडेवर अक्षरं असत. ती चकतीवर आधीच एका यंत्रात लाटून उमटवत, मग मोकळ्या प्रेसमध्ये नाणं पाडत. या ‘१८०४’ डॉलरांच्या कडेवरची अक्षरं दबून चेपलेली आहेत, कारण पाडताना नाण्याभोवती पोलादी कडं होतं. आणि असं घट्ट कडं त्या टांकसाळीत वापरायला लागले १८२८ मध्ये, तेही आधी दहा सेंटच्या नाण्यांसाठी. कडेची चेपलेली अक्षरं साल खोटं पाडतात. एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांनी १९६२ च्या पुस्तकात हा सगळा पुरावा मांडला. पुस्तक छापखान्यात असतानाच सयामच्या राजाला दिलेला मूळ संच, आत १८०४ च्या डॉलरसकट, उजेडात आला. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक खोडून टाकेल.

या कथेत मुंबईही येते. नजराणे घेऊन एडमंड रॉबर्ट्स हा दूत ‘पीकॉक’ नावाच्या युद्धनौकेवरून निघाला होता. सप्टेंबर १८३५ मध्ये ती नौका ओमानच्या किनाऱ्याजवळ प्रवाळात रुतली. कशीबशी सुटून मस्कतला पोचली. तिथे सुलतानाला त्याचा संच दिला गेला. मग नौका दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आली. सयामचा संच अजून पोचवायचा होता. तो पुढच्या वर्षी बँकॉकला दिला गेला. म्हणजे आज जगातल्या सर्वांत महागड्या नाण्यांत मोडणारा एक डॉलर मुंबई बंदरात मुक्काम करून गेला, असं म्हणायला हरकत नाही. मस्कतच्या सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा डॉलर १९९९ मध्ये एकेचाळीस लाख चाळीस हजार डॉलरला विकला गेला.

हा सगळा अभ्यास उभा केला तो बहुतेक हौशी माणसांनी. जॉन हेझलटाइननं १८८१ मध्ये डॉलर, अर्धे डॉलर आणि पाव डॉलर यांचे प्रकार लिलावाच्या सूचीत क्रमवार मांडले. पाव डॉलरची सूची ब्राउनिंगनं १९२५ मध्ये केली, पाच सेंटची व्हॅलेंटाइननं १९३१ मध्ये. अल ओव्हरटननं १९६७ मध्ये अर्ध्या डॉलरांना दिलेले क्रमांक आजही चालतात. चारावरच्या साताला ‘ओव्हरटन १०२’ म्हटलं की जाणकाराच्या भुवया वर जातात. टोपीवाल्या लिबर्टीच्या अर्ध्या डॉलरांच्या, १८०७ ते १८३६ या तीस वर्षांतल्या, साडेचारशेच्या आसपास जोड्या नोंदल्या गेल्यात. एकट्या १८२७ च्या जवळपास पन्नास. राइखच्या नावानं १९८३ मध्ये संग्राहकांची संस्था निघाली. पगारवाढ न मिळालेल्या माणसाला हा मान उशिरा का होईना, मिळाला.

ही नाणी इतक्या चांगल्या स्थितीत उरली याचं कारण बँका. १८०४ नंतर टांकसाळीनं डॉलर पाडणं थांबवलं, आणि अर्धा डॉलर हेच चांदीचं सर्वांत मोठं नाणं उरलं. बँका त्याच्या थैल्या भरून ठेवत आणि एकमेकींकडे पाठवत. नाणी बाजारात फारशी झिजली नाहीत. म्हणून तर केसाएवढा तडाही आज दिसतो.

ओळखायचं कसं, तर मोठ्या खुणांपासून बारीक खुणांकडे. मागच्या बाजूला गरुडाच्या वरची बोधवाक्याची पट्टी वरच्या कोणत्या अक्षराखाली सुरू होते? पट्टीवरचा ‘आय’ वरच्या ‘टी’च्या डाव्या टोकाखाली येतो की मधोमध? किंमत गरुडाच्या बाणांच्या किती जवळ? सालाचे आकडे कुठे वर, कुठे खाली? चार-पाच प्रश्नांत पन्नास शक्यतांच्या दोन-तीन होतात. मग भिंग, तिरपा उजेड आणि चिकाटी. पुस्तक पाठ असलेला माणूस बाजारात साधा अर्धा डॉलर म्हणून मांडलेलं नाणं साध्या भावात उचलतो, पैसे देतो आणि दुकानाबाहेर पडेपर्यंत चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाही. याला कुणी लबाडी म्हणेल. मला ती अभ्यासाची मजुरी वाटते; पुस्तक दुकानदारालाही विकत मिळत होतंच.

एक कोडं मात्र अजून तसंच आहे. टांकसाळीच्या वहीनुसार १८०४ साली १,५६,५१९ अर्धे डॉलर पडले. त्या सालाचा एकही अर्धा डॉलर आजवर कुणाला सापडलेला नाही. डॉलरप्रमाणेच तेही आधीच्या ठशांनी पडले असावेत. पण १८०५ चे काही अर्धे डॉलर असे आहेत की त्यांच्या पाचाखाली चार स्वच्छ दिसतो. म्हणजे १८०४ चे ठसे कोरले गेले होते, एकापेक्षा जास्त. ते पाच ठोकला जाईपर्यंत नुसतेच पडून राहिले, की मधल्या एखाद्या दिवशी कुणी प्रेसमध्ये चढवून थोडी नाणी पाडलीही? वहीत ते कळायची सोय नाही. आजवर १८०४ चा अर्धा डॉलर म्हणून जे जे पुढे आलं, ते भिंगाखाली १८०५ चंच निघालं.